कलर मीटर आठ महिन्यांनी: डी५० की डी६५, एवढं तरी रिपोर्टवर छापा

आमचं रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क आहे. फेब्रुवारीत ५८,००० रुपये मोजून हातात धरायचा स्पेक्ट्रो (स्पेक्ट्रोफोटोमीटर, रंग मोजणारा मीटर) घेतला. पॅनेलवर ठेवा, बटण दाबा, मोबाईलवर लॅब (एल, ए, बी हे रंगाचे तीन आकडे), एलसीएच, हेक्स (स्क्रीनसाठीचा रंगाचा कोड), मन्सेल अशा रंग लिहिण्याच्या पद्धती, जवळचा राल नंबर (ठराविक शेडकार्डावरचा क्रमांक), सगळं हजर. तीन महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कौतुक सांगत होते.

जूनमध्ये नारिंगी ब्रॅकेटचे १४० नग परत आले. कस्टमरच्या क्यूसीत डेल्टा-ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) ४ च्या वर, मर्यादा १. आमच्या मीटरवर मात्र त्यांनीच दिलेल्या आकड्यांशी फरक ०.६! ओव्हनचं तापमान, पावडरची बॅच, कोटिंगची जाडी, सगळं तपासलं. निघालं काय, तर मीटर कंपनीतूनच डी५० प्रकाश (ठरवून दिलेला, जरा पिवळसर उजेड) आणि २ अंशांच्या निरीक्षकावर (डोळा किती कोनात रंग बघतो त्याचं ठरलेलं माप) लावून आलेला. ही छपाईवाल्यांची रीत. कस्टमरचे आकडे डी६५ (त्याहून निळसर उजेड) आणि १० अंशांचे.

लॅबच्या सूत्रात नमुन्याच्या एक्स-वाय-झेडला (मोजलेल्या रंगाचे तीन मूळ आकडे) त्याच प्रकाशातल्या पांढऱ्याच्या एक्स-वाय-झेडने भागतात. डी५० च्या पांढऱ्याचा झेड ८२.४९, डी६५ च्या १० अंशी पांढऱ्याचा १०७.३. प्रकाश बदलला की वरचा आकडाही बदलतो, खालचाही. करड्यात दोन्ही बदल एकमेकांना फेडतात, नारिंगीत फेडत नाहीत. आमचं निम्मं काम राल ७०३२ आणि ७०३५, दोन्ही करडेच, म्हणून तीन महिने कुणाला कळलं नाही.

स्ट्रिपिंग (जुना थर काढणं), परत सेव्हन टँक (कोटिंगआधीच्या धुलाईच्या सात टाक्या), परत पावडर. खर्च आमचाच.

सर्व्हिसवाल्याचं उत्तर: "मॅडम, सेटिंग तुम्ही बघायचं असतं." मान्य, बघायला हवं होतं. पण पीडीएफ रिपोर्टवर फर्मचं नाव येतं, लोगो येतो, बॅटरी किती टक्के तेही येतं, आणि कोणत्या प्रकाशात, कोणत्या निरीक्षकासाठी मोजलं ते येत नाही. त्याशिवाय ते तीन आकडे कुणाच्या काय कामाचे? तीन मेल केले. "नोंद घेतली आहे" यापुढे काही नाही.

एक आरोप मात्र मागे घेते. रागाच्या भरात मी हेक्सही चुकीचा म्हणून लिहून पाठवलं होतं. भाच्याने एक्सेलमध्ये डी५० चे एक्स-वाय-झेड सरळ एसआरजीबीच्या (स्क्रीनच्या रंगांची पद्धत) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे गुणकांच्या तक्त्यात, घातले होते. त्यात पांढरी टाइलसुद्धा पिवळट आली. चूक आमची होती. एसआरजीबीचा पांढरा डी६५ असतो, त्यामुळे आधी ब्रॅडफर्ड मॅट्रिक्सने पांढरा बदलून घ्यावा लागतो. मीटर ते न सांगता करतो. याचं गणित पक्कं आहे.

हंटर लॅबसाठी (लॅबचाच जुना, वेगळ्या सूत्राचा प्रकार) तर मनापासून शाबासकी. वागळे इस्टेटचा एक जुना कस्टमर अजून हंटरचेच आकडे देतो. वाय (उजळपणाचा आकडा) १८.४२ असलेला करडा सीआयई लॅबमध्ये, म्हणजे वरच्या नेहमीच्या लॅबमध्ये, एल ५०, कारण तिथे घनमूळ. हंटरमध्ये वर्गमूळ, म्हणून ४२.९. लॅब दोघांनाही म्हणतात. पूर्वी आम्ही पॅनेलवर पॅनेल मारून नजरेने जुळवायचो, आता एका टॅपवर होतं. मन्सेल मी उघडलेलं नाही.

घेणाऱ्यांनी तीन फिल्टरच्या स्वस्त कलरीमीटरवर जाऊ नये. २०,००० वाचतात म्हणून मी तोच घेणार होते. स्पेक्ट्रोत ४०० ते ७०० नॅनोमीटरचा अख्खा वक्र (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परततो तो) साठतो, म्हणून ऑगस्टच्या अपडेटनंतर जुनी मापं डी६५ मध्ये नव्याने काढता आली. नुसत्या लॅबवरून ती नेमकी निघत नाहीत, अंदाजच करावा लागतो.

पण जूनच्या गोंधळात सेटिंग दोनदा पुढे-मागे झालं होतं, आणि त्या दिवसांतली मापं मोबाईल भरला म्हणून मी पुसून टाकली, पीडीएफ तेवढ्या ठेवल्या. त्यांवर प्रकाश लिहिलेला नाही. त्यातल्या ९ शेडचे मास्टर पॅनेल कस्टमरकडे परत गेलेत. आता एकेकाला फोन करून मागवतेय, टेम्पोभाडं आमच्याकडून.