साल वेगळं, टक्के तेच: नकली 'मॉन्टे बेलो'ची गोष्ट

बाणेरमधल्या एका कुटुंबानं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी दोन बाटल्या घेतल्या. कॅलिफोर्नियातल्या रिज वाइनरीची 'मॉन्टे बेलो', एक २०१३ च्या पिकाची, दुसरी २०१६ च्या. प्रत्येकी १६,००० रुपये, पैसे यूपीआयनं आगाऊ. विकणारा व्हॉट्सॲपवरचा. "सर, भाऊ दुबईला असतो, ड्यूटी फ्रीचा माल आहे, दोनच पीस उरलेत." बाटल्या रात्री साडेनऊला स्कूटरवरून आल्या. एक उघडली, आणि घोटभर पिऊन सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विकणाऱ्याचा नंबर आता लागत नाही.

हेच नाव का निवडलं असेल, ते आधी. मॉन्टे बेलो हा सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सांता क्रूझ डोंगररांगेतला मळा. उंची साधारण १,३०० ते २,६०० फूट, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा बरीच कमी. पण पॅसिफिकचा गारवा आणि खाली चुनखडी, त्यामुळे कॅबरने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथं सावकाश पिकतं. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातल्या वाइन नाव झाकून चाखल्या गेल्या, त्या प्रसिद्ध चाचणीत इथली १९७१ ची वाइन पाचवी आली होती. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा हीच पहिली आली. नाव मोठं, पण पुण्यात खरी बाटली हातात घेतलेली माणसं मोजकी. नक्कल करणाऱ्याला आणखी काय हवं!

भावावरूनच संशय यायला हवा होता. ही वाइन तिच्या स्वतःच्या देशात २०० डॉलरच्या पुढे विकली जाते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १७,००० रुपये झाले. अमेरिकी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे; आयातदाराला घाऊक भाव कमी पडतो हे मान्य केलं, तरी शुल्क, राज्याचा कर, आयातदार आणि दुकानदाराचा नफा मिळून पुण्यातल्या फळीवर ती १६,००० ला दिसणं अशक्य. आणि ड्यूटी फ्री म्हणाल, तर तिथंही मळ्यातल्या भावापेक्षा स्वस्त कशी मिळेल? ड्यूटी माफ होते, वाइन फुकट होत नाही.

'भाऊ आणतो' या वाक्याचाही हिशोब मांडून बघा. एका प्रवाशाला शुल्काविना २ लिटर दारू किंवा वाइन आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन झाले, मर्यादा ओलांडली. 'पेटी आहे, बारा पीस' असं कोणी सांगितलं तर त्यासाठी सहा भाऊ लागतात. आणि ती सवलत स्वतःपुरती असते. बिगरपरवाना दारू विकणं हा महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे, बाटली खरी असली तरी.

रीतसर आयात झालेल्या बाटलीवर मूळ लेबलाशिवाय एक स्टिकर असतो. आयातदाराचं नाव आणि पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, आयातीचा महिना आणि वर्ष, एमआरपी, आरोग्याचा वैधानिक इशारा. दिसायला ओबडधोबड, बऱ्याचदा तिरका चिकटवलेला. सुंदर लेबलाची शोभा घालवतो म्हणून भेट देणारे तो नखानं काढून टाकतात. काढू नका, बाटलीची वंशावळ तोच सांगतो. बाणेरच्या बाटल्यांवर असं काहीच नव्हतं. उलट मागच्या लेबलावर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दारूवर सक्तीचा असलेला सरकारी इशारा होता. दुबईच्या गोष्टीत तो कुठून आला? एवढ्यानं बाटली खोटी ठरत नाही, पण विकणाऱ्याला विचारायला प्रश्न मिळतो.

ती खोटी ठरली पुढच्या लेबलावर. रिज वाइनरी प्रत्येक लेबलावर कुठलं द्राक्ष किती टक्के आहे ते छापते: कॅबरने सोव्हिन्यों, मर्लो, पेटी व्हर्दो, कॅबरने फ्रां. शेजारी अल्कोहोलचं प्रमाण. हे आकडे दर वर्षी बदलतात, कारण पीक बदलतं आणि मिश्रण चाखून ठरवलं जातं. इथं दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यावर साल वेगळं, पण टक्के शेवटच्या अंकापर्यंत तेच, अल्कोहोलही दशांशापर्यंत तेच. एकच लेबल स्कॅन करून त्यावरचं साल तेवढं बदललं होतं. एकच बाटली घेतली असती तर हे कदाचित कळलंच नसतं. म्हणून विकत घेण्याआधी लेबलाचा स्पष्ट फोटो मागवा आणि त्या सालचे आकडे वाइनरीच्या माहितीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम.

मागच्या लेबलाचं आणखी एक. २०११ च्या पिकापासून ही वाइनरी घटकांची यादीही छापते: हातानं खुडलेली द्राक्षं, मळ्यातलंच यीस्ट, ओकचं लाकूड, सल्फर डायऑक्साइड वगैरे. वाइनच्या धंद्यात हे दुर्मीळ. नकली लेबलावर त्या जागी 'मटणासोबत उत्तम' छापाचा परिच्छेद होता.

छपाई बघायला दहापट भिंग पुरतं. मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालतो. घरगुती किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरनं काढलेल्या अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात, बारीक अक्षरांची पोटं शाईनं भरलेली असतात. या दोन्ही लेबलांवर टक्क्यांच्या ओळीतला ८ आणि ६ ओळखायला डोळे बारीक करावे लागत होते.

मग बुचावरचं फॉइल. बाजारात गरम हवेनं आवळली जाणारी प्लॅस्टिकची टोपी किलोवर मिळते. हेअर ड्रायर किंवा हीट गन फिरवली की बसते. घाईत बसवलेली ओळखू येते: खालच्या कडेला चुण्या, कुठं तरी जास्त तापून आलेली चकाकी, बोटानं फिरवली तर सैल. बूच तर बोलतंच. बाटली आडवी ठेवलेली असते तेव्हा बुचाचं वाइनकडचं टोकच रंगतं. इथं दोन्ही टोकांना डाग होते आणि मधोमध स्क्रूचं जुनं भोक, वरून मेण लावून बुजवलेलं. बुचावर साल छापलेलं होतं आणि ते लेबलावरच्या सालाशी जुळत नव्हतं. बूच काढल्यावर ते न वाचता ताटाखाली सरकवायची सवय आपल्याला असते, तीच नडते.

आता आतला माल. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा आणि वाइनची कड बघा. दहा वर्षांच्या कॅबरनेची कड विटकरीकडे झुकायला लागलेली असते. ही कड जांभळासारखी गर्द, म्हणजे वाइन वर्षा-दोन वर्षांची. तळाला गाळ जवळपास नाही. जुन्या, कमी गाळलेल्या वाइनमध्ये चहाच्या भुकटीसारखा बारीक गाळ असतोच. चव गोडसर, पातळ, घशात टॅनिनची, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरटपणाची, पकड नाही. पण चवीवर निकाल देऊ नका. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत दोन दुपारी काढलेली अस्सल बाटलीही उकडून जाते: जॅमसारखा वास, बूच वर सरकलेलं, फॉइलखाली चिकट ओघळ. ती वाइन गेलेली असते, पण नकली नसते. भांडताना हा फरक कळलेला बरा.

सालाचा घोळ मोठ्यांनाही भोवला आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात फ्रान्सच्या बरगंडीतल्या पोन्सो घराण्याच्या नावानं १९४५ ते १९७१ सालांच्या 'क्लो सां-दनी' बाटल्या आल्या. ही वाइन त्या घराण्यानं १९८० च्या दशकापूर्वी बनवलीच नव्हती. तो माल पुरवणाऱ्या रूडी कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

बिलाची गंमत सांगायची राहिली. विकणाऱ्यानं पीडीएफ बिल पाठवलं होतं, त्यात '१८% जीएसटी'. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागतच नाही, ती त्या कराच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. वाइनच्या बिलावर जीएसटी दिसला की पुढचं वाचायची गरज नाही. खऱ्या दुकानाच्या बिलावर परवाना क्रमांक असतो.

दुसरा एक प्रकार यापेक्षाही साधा आहे, त्यात बाटलीच येत नाही. मॅपवर वाइन शॉपच्या नावापुढं भलताच फोन नंबर टाकलेला असतो. ऑर्डर घेतात, 'डिलिव्हरी कन्फर्म करायला' क्यूआर पाठवतात. पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. दोन्ही फक्त पैसे जाण्यासाठी.

फसल्यावर लोक गप्प बसतात, कारण 'आपणच बेकायदा माल घेतला' ही धाकधूक. ठक त्याच भरवशावर असतो. पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले तरच परत मिळायची आशा, म्हणून रात्र जाऊ देऊ नका. मालाबद्दलची तक्रार राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. चॅट खोडू नका. वाइन सिंकमध्ये ओतू नका आणि उरलेली पिऊही नका, कोणी कशात काय भरलंय कोण सांगणार! बाटली, बूच, फॉइलचे तुकडे, सगळं एका पिशवीत बांधून ठेवा. न उघडलेली दुसरी बाटली तशीच राहू द्या.

आणि खऱ्या महागड्या बाटलीची पार्टी झाली की ती सबंध भंगारवाल्याकडे देऊ नका. रिकामी बाटली आणि तिचं बूच हाच नकली मालाचा कच्चा माल. बाटली तासभर गरम पाण्यात बुडवली की लेबल सुटतं. ते फाडा, फॉइल कात्रीनं कापा, बुचाचे सुरीनं उभे दोन तुकडे करा.