इंग्रजी कर्सिव्ह शिकवावे का? तिसरीच्या वर्गासाठी तीन पर्यायांची तुलना

शाळा सुरू होण्याआधी वह्यांची यादी पालकांच्या हाती पडते, आणि तिसरीच्या यादीत इंग्रजीसाठी चार रेघी वह्या बहुधा दोन असतात: एक रोजच्या अभ्यासाची आणि दुसरी केवळ कर्सिव्हची, म्हणजे एकमेकांना जोडून लिहायच्या अक्षरांची. ही दुसरी वही खरोखर लागते का, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि घरी गृहपाठ घेताना वारंवार निघतो. मात्र ‘अक्षर चांगले हवे’ एवढ्या एका वाक्यावर तो मिटवला जातो. चांगले अक्षर आणि कर्सिव्ह अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निर्णय घेणाऱ्याने सर्वांत आधी त्यांची गल्लत थांबवायला हवी.

पर्याय तीन आहेत. पहिला, तिसरीपासून सर्वांना कर्सिव्ह सक्तीने शिकवणे आणि पुढे इंग्रजीचे सारे लेखन त्यातच करून घेणे. दुसरा, कर्सिव्ह पूर्णपणे सोडून सुट्या अक्षरावर थांबणे आणि वाचलेला वेळ वाचनाला किंवा टंकलेखनाला देणे. तिसरा, कर्सिव्ह वाचायला सर्वांना शिकवणे, पण लिहिताना सुटे, जोडलेले किंवा दोहोंचे मिश्रण यांपैकी जे हाताला सोपे जाईल ते चालू देणे. माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचकाला तो पटलाच पाहिजे असे नाही, पण त्यामागची कारणे तपासून पाहावीत.

मराठी मुलाच्या हातावर आधीच काय आहे

या विषयावरचा बहुतेक वाद अमेरिका आणि युरोपात झाला आहे आणि तिथल्या मुलाला एकच लिपी शिकायची असते. आपल्याकडचे मूल पहिलीत बालबोध देवनागरी गिरवते, मग काना-मात्रा, बाराखडी आणि जोडाक्षरे शिकते, आणि त्याच काळात इंग्रजीही लिहू लागते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीत येई. ‘आम्ही नाही का शिकलो कर्सिव्ह’ असे आजोबा म्हणतात तेव्हा ते दहाव्या वर्षी, देवनागरीवर हात पक्का बसल्यानंतर शिकलेले असतात. आज तेच काम आठव्या वर्षाच्या हाताकडून अपेक्षिले जाते. मोठी सुटी, लहान सुटी, मोठी कर्सिव्ह आणि लहान कर्सिव्ह अशा चार एबीसीडी धरल्या तर इंग्रजीच्याच 104 आकृत्या होतात. त्यांपैकी काही सारख्या असतात हे खरे, पण मुलाला ते आधी कळत नाही.

वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. आठवड्यातून चार दिवस, रोज वीस मिनिटे आणि वर्षाकाठी तीस आठवडे एवढे धरले, तर कर्सिव्हला चाळीस तास लागतात. तेवढ्या तासांत तिसरीचा वर्ग इंग्रजीची कितीतरी छोटी गोष्टींची पुस्तके मोठ्याने वाचून काढू शकतो, किंवा ज्या चार-पाच मुलांची मराठी जोडाक्षरे अजून अडखळतात त्यांना शेजारी बसवून घेता येते. पहिला पर्याय निवडणाऱ्या शाळेने हे चाळीस तास कुठून काढले, ते लिहून ठेवावे.

वहीवर प्रत्यक्ष काय घडते

चार रेघी वहीत बाहेरच्या दोन रेघा लाल आणि आतल्या दोन निळ्या असतात. कर्सिव्हमधला लहान ‘एफ’ हा या तिन्ही घरांतून फिरणारा एकमेव लहान अक्षराचा आकार: वर जाऊन फास घ्यायचा, सरळ खाली उतरायचे, शेवटच्या लाल रेघेला टेकून दुसरा फास उलट बाजूने मिटवायचा आणि मधल्या घरात परत येऊन पुढच्या अक्षराला हात द्यायचा. मुले इथे पेन्सिल थांबवतात, खोडरबर घेतात आणि बरोबर त्याच जागी कागद फाटतो. दुसरी अडचण ‘ओ’, ‘बी’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ नंतरच्या जोडाची. ही चार अक्षरे पुढच्याला तळातून नव्हे, तर वरच्या निळ्या रेघेवरून जोडली जातात, त्यामुळे त्यांच्यापुढे आलेला ‘आर’ किंवा ‘एस’ कित्त्यातल्या आकारापेक्षा निराळा दिसतो. सुटा कित्ता सव्वीस अक्षरे गिरवून घेतो. हे जोड मात्र वेगळे शिकवावे लागतात, आणि नेमके तेच राहून जाते.

‘मिनिमम’ हा इंग्रजी शब्द कर्सिव्हमध्ये लिहून पाहावा. ओळीने पंधरा सारख्या उभ्या कांड्या येतात आणि ‘आय’वरचे टिंब जरा सरकले की कोणती कांडी कोणत्या अक्षराची, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कर्सिव्ह सुंदर दिसते ते नीट काढले तर. घाईत बिघडले की सुट्या अक्षरापेक्षा लवकर अवाच्य होते.

असे असले तरी कर्सिव्हच्या बाजूच्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. सुट्या लिपीत ‘बी’ आणि ‘डी’ हे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात आणि पुष्कळ मुले त्यांत वर्षभर घोटाळा करतात. कर्सिव्हमध्ये दोघांची सुरुवात वेगळ्या हालचालीने होते, त्यामुळे हा घोटाळा कमी व्हायला जागा मिळते. दुसरे म्हणजे, पूर्ण शब्द एका ओघात लिहिला जातो, म्हणून दोन शब्दांमधील अंतर आपोआप राखले जाते. ज्या मुलांचे सुटे इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटतात, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो.

वेग आणि मेंदू: पुरावा नेमका कशाचा आहे

‘कर्सिव्हने वेग वाढतो’ हे विधान जवळपास सर्वत्र गृहीत धरले जाते. अमेरिकेत चौथी ते नववीच्या विद्यार्थ्यांवर 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॅहॅम, बर्निंजर आणि वाइनट्राउब यांच्या अभ्यासात मात्र केवळ सुटे किंवा केवळ जोडलेले लिहिणाऱ्यांपेक्षा दोन्हींचे मिश्रण करणारे अधिक वेगाने लिहीत असल्याचे दिसले. सोयीचे तिथे जोडावे आणि अवघड तिथे हात उचलावा, असे कोणी न शिकवता मुले स्वतःच ठरवतात. देवनागरीचा अनुभवही याहून वेगळा नाही. आपण प्रत्येक अक्षराला हात उचलतो, शब्द पुरा झाल्यावर वर शिरोरेषा ओढतो आणि तरीही तीन तासांत मराठीची उत्तरपत्रिका पुरवण्यांसह भरतो.

मेंदूविषयीचे दावे अधिक सावधपणे वाचायला हवेत. नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी 2024 साली 36 विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी तपासल्या आणि हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधील जोडणी टंकलेखनापेक्षा अधिक व्यापक दिसली. ही बातमी ‘कर्सिव्हचा विजय’ म्हणून फिरली. प्रत्यक्षात तिथे तुलना होती डिजिटल पेनने कर्सिव्ह लिहिणे आणि एका बोटाने कळा दाबणे यांची. सुटे अक्षर त्या प्रयोगात नव्हतेच. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी 2012 मध्ये अजून वाचू न लागलेल्या मुलांवर केलेला प्रयोग तर सुट्या अक्षरांचा होता: स्वतः हाताने अक्षर काढलेल्या मुलांच्या मेंदूत वाचनाशी निगडित भाग कळ दाबणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सक्रिय झाले. हे दोन्ही वाचून निष्कर्ष निघतो तो हाताने लिहिण्याच्या बाजूने. म्हणून दुसरा पर्याय निवडणाऱ्या शाळेनेही सुटे अक्षर हातानेच लिहून घ्यावे. टॅब आणून लेखन बंद करण्याला या संशोधनातून आधार मिळत नाही.

इतरांनी काय केले

अमेरिकेत 2010 च्या सामाईक अभ्यासक्रम-मानकांत कर्सिव्हचा उल्लेख नव्हता आणि पुष्कळ शाळांनी ते गुंडाळले. पुढे काही राज्यांनी ते परत आणले: लुइझियानाने 2016 साली तिसरीपासून बारावीपर्यंत ते सक्तीचे करण्याचा कायदा केला, तर कॅलिफोर्नियात जानेवारी 2024 पासून पहिली ते सहावीत ते शिकवावे लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘कर्सिव्ह किंवा जोडलेले इटॅलिक’ अशी मुभा आहे आणि मला ती शहाणपणाची वाटते. इटॅलिक पद्धतीत सुट्या अक्षराचाच आकार राहतो, फक्त सोपे जोड दिले जातात. फिनलंडने 2016 मध्ये कर्सिव्हची सक्ती काढली, तेव्हा ‘फिनलंडने हस्ताक्षर बंद केले’ असे सगळीकडे छापून आले. वस्तुतः तिथली मुले सुटे अक्षर हाताने लिहितातच. फ्रान्स दुसऱ्या टोकाला आहे. तिथे मुलांना सुरुवातीपासूनच कर्सिव्ह लिहायला शिकवतात, म्हणजे सुट्या अक्षरावर बसलेला हात तिसरीत मोडून पुन्हा बसवण्याचा खटाटोप करावा लागत नाही. आपली पद्धत या दोहोंच्या मधली आहे, आणि माझ्या मते खर्च तिचाच सर्वाधिक येतो.

वाचता न येण्याची किंमत

दुसऱ्या पर्यायाची खरी कमजोरी लेखनात नाही, ती वाचनात आहे, आणि हे मराठी माणसाला कोणी परदेशातून येऊन सांगण्याची गरज नाही. मोडी ही आपलीच धावती लिपी. तिच्यात आधी आडवी रेघ ओढून घेत, मग तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे चालवत. शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर करत नसत. दप्तरी कामाला ती सोयीची होती. छपाईने बालबोध रूढ झाली, शाळेतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत घरातली खरेदीखते घरातल्याच माणसांना परकी झाली. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांतील मोडी नोंदी वाचण्यासाठी जाणकार शोधत फिरावे लागले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी अध्यक्ष ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी 2022 मध्ये असाच अनुभव लिहिला: यादवी युद्धाचा इतिहास शिकणाऱ्या त्यांच्या वर्गातील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांना कर्सिव्ह वाचता येत नव्हते.

तरीही ही तुलना ताणू नये. इंग्रजी कर्सिव्हमधील कागदांचा मराठी घरात मोडीइतका साठा नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारच्या काळातील इंग्रजी हस्तलिखिते आहेत, पण तिथे जाणारे विद्यार्थी मोजके. रोजच्या व्यवहारात उरतात ते वहीवरचे शिक्षकांचे शेरे, जुनी पत्रे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पैकी शेवटच्यांवर कोणत्याही शाळेत इलाज नाही. मोडीच्या उदाहरणातून घेण्यासारखा मुद्दा हा की उणीव भासली ती वाचणाऱ्यांची. मोडीतून आज अर्ज लिहिता येत नाही म्हणून कोणाचे काम अडलेले नाही. आणि कर्सिव्ह ओळखायला शिकणे हे लिहायला शिकण्याच्या मानाने फार थोड्या वेळाचे काम आहे: नेहमीच्या अक्षरापेक्षा फारच वेगळी दिसणारी लहान अक्षरे सात-आठच असतात.

परीक्षा, नोकरी आणि वेगळे हात

दहावीला इंग्रजीचा पेपर हाताने लिहायचा असतो, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाल्याने तासन्‌तास लिहिण्याची ताकद पुन्हा महत्त्वाची ठरली आहे. तपासणाऱ्याला अक्षर वाचता आले पाहिजे. ते कर्सिव्ह आहे की सुटे, याला वेगळे गुण नाहीत. शासकीय लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचा वेग लागतो. मात्र त्यासाठी तिसरीतले तास खर्ची घालण्याचे कारण नाही, ते नंतर शिकता येते.

डावखुऱ्या मुलांना उजवीकडे कललेले कर्सिव्ह अधिक जड जाते, कारण त्यांचा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो. लेखन-अक्षमता असलेल्या मुलांपैकी काहींना अखंड हालचालीने मदत होते, तर काहींची कर्सिव्हने पुरती कोंडी होते. या एका कारणासाठीही सक्ती टाळावी असे मला वाटते: पहिल्या पर्यायात या दुसऱ्या गटाला सवलत मागावी लागते, तिसऱ्या पर्यायात ती मागण्याची वेळच येत नाही.

ठरवताना

शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाची असेल, बालवाडीपासून एकच जोडलेली पद्धत चालवण्याची तयारी असेल आणि शिक्षकांना स्वतःला जोड नीट येत असतील, तर पहिला पर्याय चालू शकतो. वर्गातील बऱ्याच मुलांचे मराठी वाचन अजून कच्चे असेल तर निदान त्या वर्षी दुसरा पर्याय घ्यावा. बाकीच्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांनी तिसरा पर्याय घेतल्यास वह्यांच्या यादीत चार रेघी वही एकच ठेवावी, चौथीच्या दुसऱ्या सत्रात सहा आठवडे फळ्यावर रोज एक ओळ कर्सिव्हमध्ये लिहून मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी, आणि ज्यांना ते वळण आवडेल त्यांना जोड दाखवून द्यावेत. अशी मुले प्रत्येक वर्गात निघतातच. त्यांना वेगळी वही लागली तर ती ती आपणहून मागतात.