वादळानंतरचा घरविमा क्लेम : स्वतः पाहायचा, की माणूस नेमायचा?

वादळ ओसरलं की नुकसान झालेल्या घराच्या दारात दोन प्रकारची माणसं येतात. एक विमा कंपनीने नुकसान पाहून मोजायला पाठवलेला सर्व्हेअर. दुसरा क्लेम प्रतिनिधी, म्हणजे ‘क्लेमचं सगळं मी बघतो, मिळेल त्यातले ठरावीक टक्के द्या’ असं सांगणारा. छत गळत असताना, घरातली माणसं दमलेली असताना या दुसऱ्या माणसाचा आधार वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तरीही त्याच दिवशी सही करू नका.

सर्व्हेअर तुमचा शत्रू नसतो, पण तो तुमची बाजू मांडायलाही आलेला नसतो. त्याला जे दिसतं ते तो लिहितो, आणि काय दिसेल हे बरंचसं तुमच्या हातात असतं. तुटलेल्या कौलाचा फोटो दुरून काढला तर नुसतं तुटलेलं कौल दिसतं. तोच फोटो तुटलेल्या कडेजवळून काढला तर तूट ताजी की जुनी हे कळतं: ताजी कड आतून स्वच्छ असते, जुन्या तुटीवर शेवाळ नाहीतर काळपट थर चढलेला असतो. कित्येक पॉलिसींमध्ये पावसाने आतलं सामान भिजलं तर भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा आधी वाऱ्याने छताला किंवा खिडकीला भगदाड पाडलेलं असतं. म्हणून वरचं भगदाड आणि त्याच्या खालचा छताच्या आतला ओला डाग, दोन्हींचे फोटो हवेत. हे काम घरचा माणूस कुणाही प्रतिनिधीइतकंच चांगलं करू शकतो.

आता पैशांचं पाहू. क्लेम प्रतिनिधीची फी बऱ्याच ठिकाणी मिळालेल्या रकमेच्या 10 ते 20 टक्के असते. समजा, कंपनी तुम्हाला 100 द्यायला तयार आहे. प्रतिनिधीने भांडून 110 आणले आणि 15 टक्के घेतले, तर तुमच्या हाती 93.5 उरतात. म्हणजे 15 टक्के फी असेल तर त्याने जवळजवळ 18 टक्के जास्त आणले तरच तुमची बरोबरी होते. चार पत्रे, एक खिडकी, थोडी भिंत अशा सरळ नुकसानात एवढी वाढ क्वचितच निघते. तिथे क्लेम स्वतःच पाहावा.

मोठ्या नुकसानाचं गणित वेगळं. छताची चौकट हलली असेल, भिंतींत पाणी मुरलं असेल, वायरिंग गेलं असेल, तर पहिल्या पाहणीत निम्म्या गोष्टी सुटतात. अशा वेळी कामाच्या प्रत्येक बाबीचं अंदाजपत्रक करू शकणारा माणूस आपली फी भरून काढतो. फक्त त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा आणि फी पूर्ण क्लेमवर की वाढीव रकमेवर, हे लिहून घ्या. वाढीव रकमेवर फी घेणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. दुरुस्तीचा कंत्राटदारच ‘क्लेमचे हक्क माझ्या नावे करा’ म्हणत असेल, तर मात्र मी स्पष्ट सांगेन, नको. मग किती पैसे मागायचे आणि ते कशावर खर्च करायचे, दोन्ही त्याच्या हातात जातं.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: तुमचा वाद रकमेचा आहे की कारणाचा? रकमेचा असेल तर प्रतिनिधी किंवा दुसरं स्वतंत्र अंदाजपत्रक कामाला येतं. कारणाचा असेल, म्हणजे कंपनी म्हणते हे वाऱ्याने नाही, पुराने झालं, किंवा छत आधीच जीर्ण होतं, तर टक्क्यांवर काम करणारा माणूस फारसा उपयोगी नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल हवा, आणि त्याच्या जोरावर कंपनीचा तक्रार विभाग, मग विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल, शेवटी वकील. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर हेच घडलं. तिथे घरविम्यात वाऱ्याचं नुकसान धरलेलं होतं, पुराचं नव्हतं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागे. कित्येक घरांचा नुसता जोता उरला होता. घर आधी वाऱ्याने पडलं की पाण्याने, यावर पुढे कित्येक वर्षं खटले चालले.

काही गोष्टी कुणीही नेमला तरी बदलत नाहीत. पॉलिसी घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने घटलेली किंमत, वजा करणारी असेल, तर 20 वर्षं टिकणाऱ्या छताला दहाव्या वर्षी साधारण निम्मीच किंमत मिळते. नव्याची किंमत देणारी पॉलिसी असेल तरी अनेकदा आधी घसारा कापून पैसे येतात आणि उरलेले दुरुस्तीची बिलं दाखवल्यावर. ती बिलं सांभाळा. बांधणीखर्चाच्या 60 टक्केच विमा काढलेला असेल आणि पॉलिसीत सरासरीचं कलम (विमा कमी तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) असेल, तर नुकसानीचेही 60 टक्केच मिळतात. वादळासाठीची वजावट, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, काही पॉलिसींत विमा रकमेच्या टक्क्यांत असते. ती 2 टक्के आणि नुकसान अडीच टक्के असेल, तर अर्ध्या टक्क्यासाठी क्लेम करून पुढच्या हप्त्यातली सवलत घालवायची का, हे आधी मोजा.

तात्पुरती दुरुस्ती करायची की सर्व्हेअरची वाट पाहायची? कंपनीला कळवा, फोटो काढा आणि लगेच ताडपत्री टाका. पुढचं नुकसान टाळणं ही तुमचीच जबाबदारी मानली जाते, आणि त्याच्या वाजवी खर्चाच्या पावत्या क्लेमला जोडता येतात. पक्की दुरुस्ती मात्र थांबवा. भिजलेली गादी, फुगलेलं प्लायवूड टाकू नका. फार कुजलं तर निदान एक तुकडा ठेवा.

पहिली रक्कम कमी वाटली तर दोन वाटा असतात: घेऊन मोकळं व्हायचं, किंवा नाकारून भांडायचं. तिसरी वाट बहुतेकांना कुणी सांगतच नाही. जेवढ्यावर वाद नाही तेवढी रक्कम अंशतः भरपाई म्हणून द्या, असं कंपनीला लेखी कळवता येतं. मात्र पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील तर सही करण्याआधी ते बदलून मागा, आणि आपली हरकत त्याच दिवशी ईमेलने पाठवा. तक्रारीच्या मुदती बहुधा कंपनीच्या अंतिम उत्तरापासून मोजल्या जातात, त्यामुळे त्या पत्राची तारीखही जपून ठेवा.