पन्हाळ्याची झुणका-भाकरी: मसाई पठारावर न्यायची असेल तर

पन्हाळ्यावरच्या गाड्यांवर मिळणारी झुणका-भाकरी तिथंच, गरम असताना खाल्ली तर नाव ठेवायला जागा नाही. पण तीच पार्सल घेऊन तुरुकवाडी, म्हाळुंगेमार्गे मसाई पठारावर चालत गेलं, की तीन तासांनी पिशवीतून काय निघतं? चवीला पाचपैकी चार, बांधणीला जेमतेम एक.

तव्यावरची भाकरी दुमडून थेट प्लास्टिकच्या पिशवीत जाते. आत वाफ धरते, पाणी सुटतं, आणि पठार येईपर्यंत वरची भाकरी चिवट, खालची लगदा. त्यापेक्षा घरून सुती पंचा न्यावा. भाकऱ्या टोपलीत उभ्या ठेवून दहा मिनिटं वाफ जाऊ द्यावी, मग अख्ख्याच बांधाव्यात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं गार झालेली भाकरी घडीवरच मोडते. पीठ उकळत्या पाण्यात मळलंय का, हेही विचारावं; तशी भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर नको म्हणावं, शाई भाकरीला लागते.

झुणका कोरडाच मागावा. पातळ पिठलं गरम असताना डब्यातून गळतं आणि गार झालं की त्याची वडी होते. खर्डा मात्र एक नंबर. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर तेलात भाजून, शेंगदाणे-मीठ घालून जाडसर रगडलेला. पाण्याचा थेंब नसल्यानं संध्याकाळपर्यंत त्याला काही होत नाही. कांदा चिरून घेऊ नये. पाणी सुटतं आणि अख्ख्या सॅकला वास लागतो. वर बुक्कीनं फोडावा, नाहीतर जांभा दगड आहेच. दही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्यावं, उन्हाळ्यात नेऊच नये.

माणशी दोन भाकऱ्या, वाटीभर झुणका, दोन चमचे खर्डा, एक कांदा आणि गुळाचा खडा पुरतो. पाणी तीन लिटर घ्यावं. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये, त्यात सोबतीला खर्डा आहे! सकाळी सातला निघायचं तर तेव्हा बहुतेक चुली पेटलेल्या नसतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं.

पठारावर झाड जवळपास नाहीच आणि वारा सतत. कागदी प्लेट हातात धरेपर्यंत उडते. भाकरीच ताट समजून तिच्यावर झुणका घ्यावा आणि मसाईच्या देवळाच्या आडोशाला बसावं. तांबडा-पांढरा रस्सा वर नेण्याचा हट्ट कोल्हापूरकरांना सुटत नाही, पण गार वाऱ्यात तांबड्यावरचा तेलकट कट थिजतो आणि नारळाच्या दुधाचा पांढरा पुन्हा उकळला की फाटतो. शिवाय या वाऱ्यात स्टोव्हची ज्योत टिकत नाही आणि वाळल्या गवतात विस्तव करणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

वळवाच्या दिवसांत बारापर्यंत जेवून उतरायला लागावं. पश्चिमेला ढग काळे झाले की भाकरी हातात घेऊनच निघावं, कारण त्या मोकळ्या माळावर विजेला सगळ्यात उंच आपणच असतो.