टिरिटिरी मातांगी, ऑकलंडजवळचं पक्ष्यांचं बेट : पाचपैकी साडेचार

भाऊ ऑकलंडला असतो म्हणून जानेवारीत आईला घेऊन गेले होते, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. पुण्यातल्या टूरवाल्याने पक्ष्यांसाठी अख्खा दिवस घालवू नका असं सांगितलेलं. बरं झालं ऐकलं नाही.

ऑकलंडहून बोटीने सव्वा तास लागतो. पण चढायच्या आधी तपासणी असते, आणि ती नावापुरती नाही हां. बुटांचे तळ ब्रशने घासायचे, बॅगेत उंदीर, मुंग्या, बिया काही नाही ना ते बघायचं, खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि उघड्या तोंडाची पिशवी चालतच नाही. आता आईची ती कापडी पिशवी, तीत भाकरवडीचं फोडलेलं पाकीट अर्धवट दुमडून रबर लावलेलं! सगळं डब्यात भरून माझ्या सॅकमध्ये कोंबलं. आई म्हणे, "एवढं तर आपल्या विमानतळावर पण बघत नाहीत गं." कारण गाईडने नंतर सांगितलं. न्यूझीलंडमधे मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, त्यामुळे पक्षी निवांत जमिनीवर राहायला लागले आणि मग माणसाबरोबर उंदीर, मांजरं, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आले आणि त्यांनी फडशा पाडला. या बेटावरचे उंदीर 1993 मधे संपवले, आता एखादी गाभण उंदरीण बॅगेतून उतरली तरी खेळ खलास.

बेट 220 हेक्टरचं, शंभरेक वर्षं शेती आणि गुरंमेंढ्यांनी जवळपास बोडकं केलेलं. 1984 ते 1994 मधे लोकांनी स्वतः येऊन अडीच-तीन लाख झाडं लावली. आम्ही ज्या सावलीतून चाललो ती सगळी तीच, माझ्यापेक्षा वयाने लहान झाडं!

गाईड घ्याच, थोडे जास्त पैसे पडतात पण वसूल. आमच्या बाई सत्तरीच्या, व्हॉलंटियर. त्यांनी बुटाच्या टोकाने पाचोळा जरा उकरला आणि सगळ्यांना गप्प उभं केलं, मिनिटभरात एक राखाडी रॉबिन, काटकुळ्या लांब पायांचा, आईच्या चपलेपासून वीतभर अंतरावर येऊन किडे टिपायला लागला. आई श्वास रोखून. पुढे पक्ष्यांसाठी ठेवलेले साखरपाण्याचे पिंजरे लागतात, त्यांची भोकं मुद्दाम लहान म्हणजे चिमुकला हिही पक्षी आत जाऊ शकतो आणि दांडगट टुई पक्षी बाहेरच बसून चरफडतो.

वर 1865 पासूनचं दीपगृह आहे, तिथल्या हिरवळीवर डबा खाताना टाकाहे आला. आपली पुण्याजवळच्या कवडीपाटची जांभळी पाणकोंबडी आठवा, तीच निळीजांभळी, लाल चोचीची, पण कोणीतरी सहा महिने तूपभात घालून पोसलेली, तीनेक किलोची आणि उडता न येणारी. हा पक्षी संपलाच असं धरून चालले होते, 1948 मधे पार दक्षिणेकडच्या डोंगरात परत सापडला. आता सगळे मिळून साधारण 500. त्यातला एक आमच्या पोळीभाजीकडे मान वाकडी करून बघत होता! द्यायचं नसतं काही, आईला दोनदा आवरावं लागलं.

अर्धा मार्क कशाला कापला तर धक्क्यापासून वरपर्यंत चढ आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा. खायला काही मिळत नाही, डबा आपला आणि कचराही आपलाच परत न्यायचा. परतीची बोट दिवसाला एकच, त्यामुळे घड्याळाकडे बघत बघत उतरलो, आणि कोकाको पक्षी नुसता ऐकू आला, दिसला नाही, याचं मला अजून वाईट वाटतंय. बुकिंग आधी करा, वारा असला तर बोट रद्द होते.

परवा रविवारी आईला कवडीपाटला नेलं. पाणकोंबडी दिसली, आईने दुर्बीण लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "ही फारच वाळलीय गं."