रोजचा रुंद पदपथ की एका दिवसाचा मोकळा रस्ता?

पुण्यात रस्ता माणसांना परत देण्याचे दोन प्रयोग झाले आहेत. महापालिकेने 2016 मध्ये रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचा कायापालट झाला. लक्ष्मी रस्त्याचा मधला भाग मात्र 2021 पासून 11 डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहनांसाठी बंद ठेवला जातो.

जंगली महाराज रस्त्यावर वाहतूक थांबवलेली नाही, तर एकेरी वाहतुकीला पुरेल एवढीच जागा गाड्यांना ठेवून उरलेली पदपथाला दिली आहे. जुन्या झाडांभोवती बसायला कट्टे असल्याने बालगंधर्व रंगमंदिरातले नाटक सुटल्यावर मंडळी तिथेच रेंगाळतात आणि दुपारी एखादे आजोबा पिशवी शेजारी ठेवून सावलीत निवांत टेकलेले दिसतात. अर्थात, पदपथ रुंद झाला की त्यावर दुचाकी चढवणारेही आलेच.

लक्ष्मी रस्त्याचा दिवस अधिक रंगतो. एरवी हॉर्नच्या गोंगाटात अंग चोरून साडीची दुकाने गाठणाऱ्या बायका त्या दिवशी भर रस्त्यातून गप्पा मारत चालतात. हा प्रयोग स्वस्त आहे आणि फसला तर दुसऱ्या दिवशी गुंडाळता येतो. पण दुसऱ्या दिवशी तो गुंडाळलाच जातो, हीच त्याची उणीव आहे.

दोन्हींतून एकच निवडायचा झाल्यास माझे मत कट्ट्यांच्या बाजूने पडेल, कारण त्या आजोबांना टेकायला जागा रोज लागते. मात्र लक्ष्मी रस्त्यासारख्या अरुंद पेठेत पदपथ वाढवायला वाव थोडा असल्याने, तिथे ठरावीक वेळी वाहनबंदी हाच व्यवहार्य मार्ग उरतो आणि ती निदान दर आठवड्याला असावी.