पिकअप, चार-पाच टनी गाडी की मोठा ट्रक? कारागिराने घेण्यापूर्वी पाहायची कायद्याची बाजू

फॅब्रिकेशन, प्लंबिंग, फरशीकाम, सुतारकाम, मोटार-पंप दुरुस्ती. धंदा वाढला की छोटा हत्ती पुरेनासा होतो आणि मोठ्या गाडीचा विचार सुरू होतो. शोरूममध्ये बोलणं होतं ते हप्त्याचं आणि अ‍ॅव्हरेजचं. लायसन्स, परमिट, विमा हे विषय बऱ्याचदा नाक्यावर गाडी अडवल्यावरच निघतात. म्हणून इथे तुलना फक्त त्याच बाजूने केली आहे.

भारतात दोन आकडे निर्णायक आहेत: ३,००० किलो आणि ७,५०० किलो. दोन्ही आरसीवरच्या एकूण भाराचे आहेत, म्हणजे गाडी, माल आणि आत बसलेली माणसं मिळून जे वजन मंजूर आहे त्याचे. ‘दीड टनाची गाडी’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो फक्त मालाबद्दल बोलत असतो. या दोन वजनांत गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘मी भाडं मारत नाही, माझाच माल नेतो, मग मला कमर्शिअलचे नियम कशाला?’ मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालवाहू गाडी ही परिवहन वाहनातच मोडते, माल कोणाचाही असो. त्यामुळे पिवळी नंबर प्लेट आणि पासिंग लहानमोठ्या सगळ्याच गाड्यांना आहे. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं पासिंग लागत नाही, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पीयूसीही सगळ्यांना सारखंच. या बाबतीत लहान गाडी घेऊन काहीच वाचत नाही.

खरा फरक परमिटचा. कलम ६६ प्रमाणे एकूण भार ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. बाजारातल्या कितीतरी पिकअप याच रेषेच्या जेमतेम आत ठेवलेल्या आहेत, त्याचं कारण हेच. रेषा ओलांडली की आरटीओचं परमिट आलं. ते पाच वर्षांचं असतं आणि गाडी विकताना ते आपोआप नव्या मालकाच्या नावावर होत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. (बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिटची सूट आहे. शहरातल्या शहरात काम असेल तर हा पर्याय जरूर तपासा.) विनापरमिट गाडी चालवली तर केंद्रीय कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण त्याहून मोठा धोका अपघातानंतर उभा राहतो. परमिट नसणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग प्रकरणात म्हटलं. त्या प्रकरणात विमा कंपनीने जखमींना भरपाई द्यायची आणि ती मालकाकडून वसूल करायची, असा आदेश झाला. एका अपघातात कारागिराचं घरदार जाऊ शकतं ते असं.

लायसन्सच्या बाबतीत मात्र अजूनही जुनीच भीती फिरते. कारच्या लायसन्सवर टाटा ४०७ सारखा छोटा ट्रक चालवता येत नाही, बॅज (व्यावसायिक चालकाचा बिल्ला) लागतो, असं अनेक जण ठामपणे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण भाराची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळ्या नोंदीची गरज नाही. धोकादायक मालाची वाहतूक त्यात धरू नका, तिला स्वतंत्र नोंद लागते. पिकअप आणि पाच टन एकूण भाराचा आयशर ट्रक यांच्यात लायसन्सचा फरक शून्य आहे.

थर्ड पार्टी विम्यातही तसंच. त्याचा पहिला टप्पा थेट ७,५०० किलोपर्यंत जातो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात भाड्याने माल नेणाऱ्या चारचाकीला या टप्प्यात वर्षाला १६,०४९ रुपये आणि ७,५०० ते १२,००० किलोच्या टप्प्यात २७,१८६ रुपये होते. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्यासाठी पॉलिसीचा वेगळा प्रकार आहे. तो घेतला असेल तर शेजाऱ्याचं सामान पैसे घेऊन पोचवू नका.

आता वजनाकडे नीट पाहू, कारण दंड सर्वांत जास्त इथेच बसतो. एकूण भार ४,९९५ किलोची गाडी घ्या. रिकामी गाडी, हौदा आणि केबिनमधली माणसं वजा केली की मालाला साधारण अडीच टन उरतात. एक ब्रास वाळू मात्र साडेचार टनांच्या आसपास भरते. ‘एवढं तर सगळेच भरतात’ म्हणून ती गाडीत टाकली, की दोन टनांचा ओव्हरलोड झाला. कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० असे २४,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा खर्च. पिकअपमध्ये सिमेंटच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन. त्यावर मिक्सर आणि चार माणसं चढली की तीही ओव्हरलोड.

लांबीचंही तेच. पाइप, अँगल सहा मीटरचे येतात. बहुतेक पिकअपचा हौदा तीन मीटरच्याही आत असतो आणि छोट्या ट्रकचाही त्याहून फार मोठा नसतो. हौद्याबाहेर आलेल्या मालाला वजन कितीही कमी असलं तरी २०,००० रुपये दंड आहे. लाल फडकं बांधल्याने सूट मिळत नाही. फॅब्रिकेटरने एक तर लांब हौद्याची गाडी घ्यावी, नाहीतर दुकानातच हौद्यात मावतील असे तुकडे करून मगच लादावं.

हौद्यावर कॉम्प्रेसर, जनरेटर किंवा लोखंडी पेट्या कायमच्या बसवणार असाल तर त्याला कलम ५२ लागू होतं. फेरफार आरटीओच्या परवानगीने व्हावा आणि आरसीवर चढावा. बसवलेल्या यंत्राचं वजन मालाच्या वाट्यातून जातं, त्यामुळे अशा कामाला तीन टनांच्या आतली गाडी लवकर अपुरी पडते.

आणि माणसं. हौद्यात बसलेल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच ठरलं आहे. पाच-सहा जणांची टोळी रोज न्यायची असेल तर मागे दुसरी रांग असलेल्या केबिनचं मॉडेल घ्या आणि कामगारांची जोखीम पॉलिसीत लेखी नोंदवून घ्या. हौद्यात पोरं उभी करून हायवेवरून नेऊ नका, कळकळीने सांगतो.

७,५०० किलोच्या वर गेलात की चित्रच पालटतं. चालकाला परिवहन वाहनाचं लायसन्स लागतं, त्याचं वय किमान २० हवं, आधी एक वर्ष एलएमव्हीचं लायसन्स असायला हवं, वैद्यकीय दाखला लागतो आणि लायसन्स दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. १२,००० किलोच्या वर गाडी जड मालवाहूत जाते. अनेक शहरांत गर्दीच्या वेळी जड गाड्यांना प्रवेशबंदी असते आणि कारागिराला कामावर पोचायचं असतं ते नेमकं सकाळीच. तुमचा चालक एक दिवस आला नाही आणि एलएमव्हीवर तुम्हीच ती गाडी काढलीत, तर गाडीचे बाकीचे कागद चोख असूनही तुम्ही विनालायसन्स ठरता.

माझं मत असं. अवजारं, थोडा माल आणि दोन माणसं एवढंच रोजचं ओझं असेल तर ३,००० च्या आतली पिकअप घ्या, परमिटची दगदग वाचते. पण आठवड्यातून दोन-तीनदा ती ओव्हरलोड होणार हे दिसत असेल, तर पाच ते सात टन एकूण भाराची गाडीच बरी: लायसन्स तेच, थर्ड पार्टीचा टप्पा तोच, वाढतं ते परमिट आणि त्याचा पाठपुरावा. साडेसात टनांवरचा ट्रक, कायमचा चालक पगारावर ठेवता येत असेल तरच.

बुकिंगच्या आधी एक काम करा. सध्याच्या गाडीत सर्वांत जड दिवसाचं सामान भरा, सगळी माणसं बसवा, वजनकाट्यावर न्या आणि पावती घ्या. त्यातून आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरलेला आकडा घेऊन शोरूममध्ये जा आणि नव्या गाडीचा एकूण भार व रिकामं वजन, दोन्ही लेखी मागा.